तिसऱ्या हाकेची वाट

या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षे वाचत आले आहे. त्यांतला जवळजवळ प्रत्येक अनुभव एकाच कबुलीने सुरू होतो – 'माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता.' माझाही नव्हता. मात्र माझा अविश्वास पुस्तकांतून आलेला नाही. तो मी उपचार म्हणून शिकले. रोज जेवण झाले की एका गोळीबरोबर मी तो पाण्याच्या घोटाने गिळते. कारण मला स्किझोफ्रेनिया आहे. जे नाही ते मला ऐकू येते… निदान, यायचे.

हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. खाली प्रतिक्रियांमध्ये कोणीतरी 'बाईंना डॉक्टरांची गरज आहे' असे लिहिणारच. तर – डॉक्टर आहेत, गोळ्या चालू आहेत, आणि दोन्ही चालूच राहणार आहेत. आता पुढचे ऐका.

मी मूळची जव्हारची. लग्नानंतर मोखाडा तालुक्यात आले. खोडाळ्याच्या पुढे, रस्ता संपून पायवाट सुरू होते तिथल्या एका पाड्यावर आमचे घर आहे. माझे यजमान सुरेश तालुक्याच्या एका कार्यालयात क्लार्क आहेत. मी एका आश्रमशाळेत मराठी शिकवते. घरात तिसरे माणूस म्हणजे सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांनी शाळेची पायरी कधी चढलेली नाही, पण पाऊस कोणत्या डोंगरावरून येणार हे त्या अंगणात उभ्या राहून नाकाने सांगतात. बरेचदा ते चुकते, आणि चुकले की त्या पावसालाच शिव्या देतात.

माझा आजार वर्गातच उगवला. फळ्यावर कवितेची ओळ लिहीत होते, खडूचा कोरडा, पिठूळ वास बोटांना येत होता, आणि उजव्या कानामागे कोणीतरी सुपात तांदूळ पाखडू लागले. त्या सळसळीतून हळूहळू दोन बायका बोलू लागल्या. 'आता ती खडू ठेवणार… आता ती पुसणार…' मी फळा पुसायला हात उचलला की दोघी हसत. काही आठवड्यांत त्या मला झोपू देईनात, जेवू देईनात. एके दिवशी कविता अर्धी सोडून मी वर्गाबाहेर पडले आणि पदराचे बोळे कानांत खुपसून शाळेच्या पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसले. मुले दारात गर्दी करून बघत होती. त्यांचे ते गप्प चेहरे मी अजून विसरलेले नाही.

आधी भगताकडे नेले. त्याने सुपात तांदळाचे दाणे टाकून पाहिले, काहीतरी पुटपुटला, दोरा बांधला. मी त्याची थट्टा करणार नाही. 'बाई, त्या काय बोलतात?' हा प्रश्न मला सर्वांत आधी त्यानेच विचारला होता. पण दोरा सुटून पडला तरी त्या दोघी गेल्या नाहीत. मग जव्हारला दवाखान्यात गेलो. तिथे ठरावीक वारी येणाऱ्या मानसोपचाराच्या डॉक्टर भेटल्या, आजाराला नाव मिळाले, गोळी सुरू झाली. तोंड कोरडे पडू लागले, अंगावर ओल्या घोंगडीसारखा जडपणा आला, आणि त्या घोंगडीखाली दोन्ही बायका हळूहळू गप्प झाल्या.

डॉक्टरांनी गोळीबरोबर एक रीतही दिली. "आवाजाशी भांडू नका. तपासा. शेजारी जो असेल त्याला लगेच विचारा – ऐकू येतंय का? आणि घरच्यांनो, खरंच सांगायचं. बरं वाटावं म्हणूनसुद्धा खोटं बोलायचं नाही."

घरी आल्यावर आत्यांनी नागलीची, म्हणजे नाचणीची, मूठ हातात घेऊन कणसरीची – आमच्या धान्यदेवतेची – आण घेतली. तेव्हापासून आमच्या घरात तो प्रश्न मीठ मागावे इतक्या सहजपणे विचारला जाऊ लागला.

"आत्या, ढोल वाजतोय का?"

"ढोल? डीजे हाय तो. खालच्या पाड्यात हळद हाय. माझ्या छातीत बी वाजतोय. ते बंद करायची गोळी हाय का तुझ्या डॉक्टरीणबायकडं?"

किंवा –

"आत्या, कोणी रडतंय?"

"नाय." विळ्याने भाजी चिरावी तसा नेमका शब्द. "कोणी नाय रडत. चहा पी."

त्या 'नाय'वर मी उभी राहिले. माझ्या कानांवर माझा भरवसा उरला नव्हता. आत्यांच्या कानांवर होता. वर्षभराच्या रजेनंतर दिवाळीची सुट्टी संपली की मी पुन्हा वर्गात उभी राहणार होते. डॉक्टरांनी होकार दिला होता. मला एकच गोष्ट हवी होती – तोवर कान स्वच्छ राहावेत. पुन्हा अर्ध्या कवितेतून पळायचे नव्हते.

सुट्टीत नागलीची कापणी आली. आमचे वरकस शेत डोंगराच्या उतारावर आहे. खाली ओहळाची घळ, घळीपलीकडे पुन्हा चढ, आणि त्या चढावर खुरासणी फुललेली – डोळ्यांत हळद गेल्यासारखी पिवळी. सुरेश खोडाळ्याच्या बाजाराला गेले होते. उतारावर आत्या आणि मी, दोघीच. दुपार कलू लागली होती. मुठी वळलेली कणसे विळ्याखाली 'कर्र' करीत तुटत होती, पाटीत पडत होती. वाळल्या पात्यांचा किंचित आंबूस वास, मानेवर ऊन, बोटांना भुसा. मी इतकी शांत होते की आपण शांत आहोत हेही लक्षात येत नव्हते.

"वैजूऽऽ… झालं का गं?"

हाक घळीच्या बाजूने आली. बाईचा आवाज, मध्यम वयाचा. कामाच्या मध्येच तोंडाशी हात नेऊन मारलेली हाक. माझ्या त्या दोघींना दिशा नव्हती, अंतर नव्हते, त्या कवटीच्या आतच राहत. या हाकेला अंतर होते. वाऱ्याने तिची कड झिजली होती, आणि समोरच्या चढावर आपटून 'का गं'चा पुसट पडसाद माघारी आला. मी मान वर केली. घळीत कोणी नव्हते. खुरासणीत कोणी नव्हते.

आणि 'वैजू'! माझे नाव वैजयंती. सासरी सगळे तेच नाव घेतात. वैजू मी जव्हारच्या आमच्या आळीत, शाळेत नाव घालण्याआधी होते.

"आत्या, ऐकू आलं?"

आत्यांचा विळा थांबला. क्षणभरच. मग चालू झाला.

"नाय."

"हाक… घळीकडून."

"नाय म्हटलं ना. काप तू. ऊन उतरतंय."

आणि तेवढ्यात ती पुन्हा आली. तशीच, ना अधिक जवळून, ना अधिक लांबून. वैजू, झालं का गं? मी आत्यांकडे पाहिले. त्यांनी वर पाहिले नाही. "नाय!" त्या अशा खेकसल्या की मी दचकले, त्या माझ्यावर कधी खेकसत नाहीत. मग त्या मोठमोठ्याने शेजारणीच्या बकरीबद्दल बोलू लागल्या – बकरीने काय काय खाल्ले, शेजारीण कशी खोटारडी, बकरी कशी तिच्यापेक्षा शहाणी. बोलत राहिल्या, कापत राहिल्या. तिसऱ्यांदा हाक आली नाही.

आजार परत आला आहे, हे मी तिथेच, त्या उतारावर, मनाशी मान्य केले. आणि आता तो नवे, सफाईदार रूप घेऊन आला होता. दिशा आणि पडसाद घेऊन. मी पाटी उचलली. पण लपवायचे नाही, हे मी स्वतःशी पूर्वीच ठरवले होते. सुरेश बाजारातून आले, त्यांनी पिशवी खाली ठेवण्याआधीच मी म्हटले, "अहो, शेतात कोणीतरी मला नावाने हाक मारली. आत्या नाही म्हणाल्या." हाक कोणत्या शब्दांत आली, ते मात्र माझ्या तोंडून निघेना. त्यांनीही खोदून विचारले नाही.

त्यांनी पिशवी ठेवली आणि पुन्हा चपला घातल्या. मग म्हणाले, "सकाळच्या जीपमध्ये जागा सांगून येतो."

डॉक्टरांच्या खोलीत मी एकटी गेले. दार लावून घेतले आणि तिथे मात्र सगळे सांगितले – शब्द, दिशा, पडसाद, ते जुने नाव. त्या लक्षपूर्वक ऐकत होत्या.

"घरच्यांनी ऐकलं नाही?"

"नाही."

"मग डोस थोडा वाढवू. आणि शाळा जरा पुढे ढकलू या. रद्द नाही करत आहोत, वैजयंतीबाई. पुढे ढकलतोय."

मी मान हलवली. बाहेर येऊन सुरेशना म्हटले, "पुढे ढकललंय. रद्द नाही." परतीच्या वाटेवर वळणावळणाला ते वाक्य मी ओठांत घोळवत राहिले, आंबट गोळीसारखे.

वाढवलेल्या डोसाने मला पुन्हा घोंगडीखाली ढकलले. हात थरथरत. भाकरी थापताना कड फाटे. त्याहून वाईट म्हणजे माझ्या कानांची नवी भीती: ज्या आवाजाला दिशा आहे तोही खोटा असू शकतो, तर खरा कोणता? मी सगळेच विचारू लागले. "आत्या, कोंबडा आरवला?" "आत्या, जीप आली का?" "आत्या, तुम्ही आत्ता काही बोललात?" आत्या उत्तर देत, पण त्यांच्या उत्तरांची धार गेली होती. 'हां' म्हणताना त्या भुईकडे बघत. एकदा मी जेवता जेवता ताटावरच डुलकी घेतली. जागी झाले तर त्या माझ्या हनुवटीवरची लाळ पुशीत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते.

त्याच सुमारास त्या दुपारच्या बाहेर जाऊ लागल्या. "लाकडं बघून येतां," म्हणत. येताना डोक्यावर एक काटकीही नसे. एके दुपारी मी उठले, चपला घातल्या आणि जड पायांनी त्यांच्या मागून निघाले.

त्या शेतात होत्या. कापून मोकळ्या झालेल्या उतारावर, नागलीच्या खुंटांमध्ये, घळीकडे तोंड करून बसलेल्या. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला.

"आत्या, इथं काय करता?"

त्या दचकल्या नाहीत. "वाट बघतां."

"कोणाची?"

"तिसऱ्या हाकेची."

मी त्यांच्याशेजारी बसले. खुंट टोचत होते. खुरासणी आता फुलून काळवंडली होती. आत्या घळीवरून नजर न काढता बोलू लागल्या.

"रानात हाक आली तं पयल्यांदा ओ देयाची नाय. दुसऱ्यांदा बी नाय. माणूस असंल तं तिसऱ्यांदा मारतोच; त्याला काम असतंय. जे माणूस नाय, ते दोनदाच मारतंय. माझ्या आयनं शिकवलंय मला. आन् 'ऐकलं' म्हटलं म्हंजे ओ दिलीच की! तू मला विचारलंस, ऐकू आलं का? मी कशी हां म्हणू? तिसरी आलीच नाय."

माझ्या तोंडाला कोरड पडली. ती गोळीची नव्हती.

"म्हणजे… तुम्ही ऐकलंत?"

त्यांनी पदर आणखी घट्ट ओढला. मग हळूच म्हणाल्या, "रोज येऊन बसते. म्हटलं, तिसरी येऊ दे, म्हंजे पोरीला सांगता येईल. येत नाय मेली."

मला राग आला. फार आला. "आत्या, तुमच्या त्या एका 'नाय'मुळे मी आज अशी आहे! शाळा गेली, डोस वाढला… मला वाटलं मी पुन्हा बुडाले. तुम्ही कणसरीची आण घेतली होती!"

"घेतली होती. मोडली. त्याचं पाप माझ्या डोक्यावर येऊ दे. पण ओ दिली असती तं ते रानातलं तुझ्या डोक्यावर आलं असतं. हाक तुझी होती." मग त्यांनी प्रथमच माझ्याकडे पाहिले. "आता तिसरी येत नाय. ऐक. हां. ऐकलं मी."

त्या शब्दाची त्यांनी काय किंमत लावली होती हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. ओठ पांढरे पडले होते. तरी मी मऊ झाले नाही. मला तपासायचे होते. डॉक्टरांची रीतच होती ती.

"काय ऐकलंत? मी काही सांगणार नाही. तुम्ही सांगा."

"बाय होती. तिकडून, घळीतून. 'वैजू' म्हणाली. 'झालं का गं' म्हणाली. वैजू कोण ते मला काय म्हाईत? मला वाटलं, दुसऱ्याच कोणाला बोलवतेय. पण तू मान वर केलीस."

ते शब्द मी फक्त डॉक्टरांना सांगितले होते, बंद दाराआड. सुरेशनाही नाही.

मग आत्या गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. कमरेवर एक हात ठेवला, दुसरा तोंडाशी नेला आणि घळीकडे बघून, शेजारणीची बकरी हाकलावी तशा कडक आवाजात ओरडल्या –

"नाय झालं तिचं! अजून पुष्कळ हाय! तू जा!"

पलीकडच्या चढावरून 'जा' परत आला. नंतर वाऱ्यात खुंटांची बारीक शीळ, आणखी काही नाही. आत्यांनी पदर सारखा केला. "दिली ओ. आता जे व्हायचं ते मला होऊ दे. चल, चहाची येळ झाली."

वाटेत त्यांनी विचारले, "मंग ती गोळी कशाला आता? हाक खरी होती तं तू बरी हायेस. नाय तं असं कर – मला बी दे एक."

मी वाटेतच थांबले. खरे सांगते, मोह झाला. घोंगडी फेकून द्यावी, स्वच्छ डोक्याने झोपून उठावे… पण उजव्या कानामागच्या त्या दोघी मला आठवल्या. त्यांना आत्यांनी कधी ऐकले नव्हते, भगताने नाही, कोणीच नाही. "आत्या," मी म्हटले, "ही एक हाक खरी असेल. त्या दोघी खोट्या होत्या. गोळी त्यांच्यासाठी आहे. ती मी सोडणार नाही, आणि तुम्ही मला सोडू द्यायची नाही. आणि यापुढे मी विचारलं की पहिल्या हाकेलाच खरं सांगायचं. रान असो की घर."

"आन् काय झालं म्हंजे?"

"दोघींना होईल."

त्या पुढे चालू लागल्या. "हां," म्हणाल्या. "चालंल."

पुढच्या खेपेला आम्ही तिघे जव्हारला गेलो. डॉक्टरांनी आत्यांना आत बोलावले, त्यांचे सगळे ऐकून घेतले आणि समजावून सांगितले की फार जवळच्या माणसांना कधीकधी एकमेकांचे भास लागतात.

"म्हंजे मी येडी हाय का?" आत्या भडकल्या, आणि लगेच माझ्याकडे बघून जीभ चावली. "तशी नाय गं म्हणत… तू तं शहाणी हायेस."

मला हसू फुटले. वर्षभरात दवाखान्याच्या त्या खोलीत मी प्रथमच हसले. डॉक्टरही हसल्या. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मला याचं उत्तर देता येणार नाही. पण डोस पूर्वीइतका करू. आणि शाळेत जा."

उत्तरे मी शोधली नाहीत असे नाही. पलीकडच्या पाड्यांवर विचारून आलो. तिथे कोणी वैजू नाही, आणि त्या दिवशी त्या चढावर कोणी गेलेले नव्हते. लग्नाच्या वेळी माझ्या माहेरच्या कोणाच्या तोंडून ते नाव आत्यांच्या कानांवर पडले असेल का? असेल. मग तेच नाव, तेच शब्द, त्याच क्षणी, त्याच दिशेने दोघींना कसे ऐकू आले? मी रात्रंदिवस भासांबरोबर राहिलेली बाई आहे. त्यांची चव, त्यांचा पोत मला ठाऊक आहे. ही हाक त्यांतली नव्हती, इतकेच म्हणू शकते. यापलीकडे स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही. कोणाजवळ असल्यास अवश्य लिहावे. 'गोळ्या सोडा, तुम्हाला दैवी शक्ती आहे' असे मात्र कृपया लिहू नये. या ओळी वाचणाऱ्यांत माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याला मला स्पष्ट सांगायचे आहे: एक गोष्ट न उलगडणारी असली, म्हणून बाकीचा आजार खोटा ठरत नाही. औषध घ्या. शेजारच्याला विचारा. शेजारच्याने खरे सांगा.

मी शाळेत जाते. अर्धी सोडलेली ती कविता पहिल्या ओळीपासून पुन्हा शिकवली. हात अजून थोडे थरथरतात. फळ्यावरचे अक्षर पूर्वीइतके नेटके नाही, आणि मुले ते बिनदिक्कत सांगतात. आत्या ठणठणीत आहेत. शेजारणीशी भांडण चालू आहे.

सुरेशनी परवा विचारले, "पुन्हा हाक आली तर?"

शेजारी कोणी असेल तर विचारीन. एकटी असेन, तर हातातले काम आधी पुरे करीन.